दुधी दिसला पाहिजे

प्रिय बाळा,

तुझा निरोप परवा रात्री वाचला आणि मग झोप लागली नाही. केळवणाचं ते ताट डोळ्यांसमोरून हलेना. भोवती रांगोळी, वाटीत अळूचं फदफदं, शेजारी भरलं वांगं आणि डाव हातात घेऊन आग्रह करायला उभ्या असलेल्या तुझ्या होणाऱ्या आत्येसासूबाई. तू दोन घास पाण्याबरोबर गिळलेस, 'मला ॲसिडिटी आहे' म्हणालीस आणि बेसिनपाशी जाऊन नळ मोठा सोडलास, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. आणि आता मला विचारतेस, 'काकू, लग्नाला अडीच महिने आहेत. तेवढ्यात सगळं खायला शिकवाल?'

सगळं कशाला? नारायण पेठेत मी २६ वर्षं खाणावळ चालवली. सगळं खाणारा माणूस मला अजून भेटायचाय. कुणाला शेपूचा वास सहन होत नाही, कुणी पडवळ बघूनच ताट सरकवतो. त्यांच्या नावडीच्या यादीत चार नावं असतात, तुझ्या आवडीच्या यादीत चार आहेत, एवढाच फरक. वरण-भात, पोळी, दही, बटाट्याच्या काचऱ्या. फळांत हापूस, तोही मोसमापुरता. तू तीन वर्षं माझ्याकडे जेवलीस. पहिल्या आठवड्यातच माझ्या लक्षात आलं होतं. बोलले नाही, तुझ्यासाठी काचऱ्या वेगळ्या काढून ठेवत गेले. ते बरोबर केलं की चुकलं, अजून ठरवता येत नाही. तू माझ्या पानावरून उपाशी उठली नाहीस, एवढं मात्र नक्की.

तुला धीर द्यायला हे लिहीत नाही. धीर नसता तर तू विचारलंच नसतंस. मला राग आलाय तो तुझ्या शेवटच्या ओळीचा. 'पालक वाटून कणकेत मळला, दुधी किसून घातला, तर मला कळणार नाही ना?'

नाही. तसं करायचं नाही. हे पत्र त्या एका ओळीसाठी आहे. लपवून खायचं नाही, लपवून खाऊ घालायचं नाही. दुधी खायचा तर दुधी दिसला पाहिजे.

का, ते सांगते. माझा मुलगा नऊ वर्षांचा होता तेव्हाची गोष्ट. भाजीचं नाव काढलं की तोंड मिटायचा. थालीपीठ मात्र त्याचं जीव की प्राण. रक्त तपासलं, हिमोग्लोबिन कमी आलं. मी दुधी किसायला लागले, पिळायला लागले, भाजणीत मिसळायला लागले. तीन आठवडे सुरळीत गेले. मी शेजारणींना सांगत सुटले होते, बघा, कळतसुद्धा नाही. एका रविवारी किसातला एक दोर तसाच राहिला. त्याने तुकडा मोडला, खिडकीच्या उजेडात धरला आणि विचारलं, 'आई, हे पांढरं काय आहे?' मी म्हटलं, कांदा आहे.

त्याने तो दोर बोटांनी ओढून काढला. दाबून पाहिला. जिभेच्या टोकाला लावला. रडला नाही, आरडाओरडा केला नाही. ताट सरकवलं आणि उठून गेला. त्यानंतर त्याने माझ्या हातचं थालीपीठ खाल्लं नाही. दुधी मिळवायला गेले आणि हातचं थालीपीठ गेलं. आज तो ३१ वर्षांचा आहे. सुनेला घेऊन येतो, आनंदाने बसतो, मी घडीची पोळी वाढते. बोलता बोलता त्याचे हात पोळीचा पदर सोडवतात, तो पदर उजेडाकडे धरतात आणि मग घास मोडतात. त्याला स्वतःला हे ठाऊकही नसेल. मी समोर उभी असते.

मी वाईट आई नव्हते, बाळा. पहाटे पाचला कणिक तिंबायला बसायचं, चाळीस डबे भरायचे, दोन पंगती उठवायच्या, त्यात मुलाचा चेहरा पांढराफटक. डॉक्टर म्हणाले पोटात गेलं पाहिजे, सासूबाई म्हणाल्या दोन दिवस उपाशी ठेव. उपाशी ठेवण्यापेक्षा किसणं बरं, असंच त्या वेळी मला वाटलं आणि आजही त्या दोघांत निवडायचं झालं तर मी किसणीच उचलेन. पण तिसरा रस्ता होता. तो कुणी दाखवला नाही आणि मी शोधला नाही. लोक आजही मला म्हणतात, लपवून का होईना, जीवनसत्त्वं जातात ना पोटात? जातात. पण ती भाजी खायला माणूस शिकत नाही. दुधी कसा लागतो हे ज्या जिभेला कळलंच नाही, तिची दुधीशी ओळख कुठून होणार? तू तर स्वतःच स्वतःपासून लपवायला निघालीस. पहिला दोर तोंडात आला की तुझी पोळीही जाईल. चार पदार्थ उरलेत, त्यातला एकही मला पणाला लावायचा नाही.

तेव्हा आधी काचऱ्या, पोळी, वरण, दही यांना हात लावू नकोस. ती तुझी घरची माणसं आहेत. पाहुण्याला त्यांच्या शेजारी बसव, त्यांच्या अंगात घालू नकोस.

काचऱ्यांपासूनच सुरुवात कर. तीच लोखंडी कढई, तीच मोहरी-हिंगाची फोडणी, तेवढंच तिखट, तितकेच पातळ काप. बदल एकच, बटाट्याऐवजी कच्चं केळं. दोन्ही वेगळं कर, ताटात दोन ढीग ठेव, मिसळू नकोस. केळ्याचा एक काप खा. त्यानंतर तोंडल्याच्या काचऱ्या, कडा कुरकुरीत होईपर्यंत परतलेल्या. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. भाजी नवी असेल तर फोडणी जुनी. भाजी सरावाची झाली की मग हवं तर मसाला बदल. तू काय करतेस ते मला ठाऊक आहे. वर्षभर काही नाही आणि एक दिवस निश्चय करून भरलं वांगं! साल मऊ, आत बिया, रस, कूट, गूळ, चिंच, सगळं एका घासात. तिथे बरेच जण अडतात, तू तर अडणारच.

एक वही कर. त्यात 'आवडलं नाही' हे शब्द लिहायचे नाहीत. त्यावरून काहीही कळत नाही. तोंडात काय झालं ते लिही. वास नको झाला? बुळबुळीत लागलं? बी दाताखाली आली? एक कण मऊ आणि एक टणक होता? भेंडीबद्दल तू मला एकदा म्हणाली होतीस, 'चव नाही काकू, ते घशात सरकतं.' मग तुझं भांडण भेंडीशी नाहीच, तारेशी आहे, आणि तार घालवता येते. भेंडी धुऊन फडक्याने कोरडी पूस, चिरण्याआधी. चिरल्यावर पाणी लागलं की तार सुटलीच. पसरट कढई, झाकण नाही, दोन आमसुलं किंवा लिंबू, मीठ शेवटी. कोबीचा वास येतो म्हणतेस, तो शिजवून शिजवून येतो. मोठ्या आचेवर चार-पाच मिनिटं परतलेला, दाताखाली कचकचणारा कोबी खाऊन पाहा आणि मग वहीत लिही.

खाणावळीत जेनेटिक्स शिकणारी एक मुलगी होती, तिने मला एक हकीकत सांगितली होती. अमेरिकेत आर्थर फॉक्स नावाच्या रसायनतज्ज्ञाच्या हातून प्रयोगशाळेत एक पूड उडाली. शेजारच्या सहकाऱ्याचं तोंड कडू झालं, फॉक्सना काहीच लागेना. १९३१ साली त्यांनी ते प्रसिद्ध केलं. पुढे कळलं की असला कडूपणा कुणाला किती लागतो ते जन्मतःच ठरतं, आईबापाकडून येतं. त्या पुडीच्या जातीचाच कडूपणा कोबीच्या, मोहरीच्या, मुळ्याच्या कुळात असतो. म्हणजे एकाच पंगतीत एकच कोबी दोघांना दोन तऱ्हांचा लागतो. हे ऐकलं त्या दिवशी मी मुलाला फोन केला. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, 'आई, मी तेव्हा सांगतच होतो.'

तू नाटकं करत नव्हतीस. त्यावर दुसरं कुणी काही म्हणालं तर त्याला माझ्याकडे पाठव.

मीठ कडूपणा दाबतं, म्हणून कारल्याला मीठ चोळून पिळायची रीत आहे. पण कारलं आणि मेथी तुला आत्ता नकोतच. तो डोंगर नंतरचा.

फळांचं दुखणं वेगळं आहे. तुझे ते केळ्याचे वेफर्स आठव. पाकीट कधीही फोड, तीच चव, तोच कुरकुरीतपणा. पेरू रोज निराळा. एक करकरीत, दुसरा पिठूळ, तिसऱ्यात अळी निघेल ही धास्ती. केळं सोमवारी टणक आणि तुरट, गुरुवारी ठिपकेदार, मऊ, गोड, कारण आतल्या पिठाची साखर होत जाते. तुझ्यासारखीला त्या दोन दिवसांत दोन वेगळी फळं दिसतात आणि तुझं चुकत नाही. म्हणून दिवस ठरव. एक डझन केळी आण, रोज अर्धं खा, कोणत्या दिवसाचं केळं तोंडाने घेतलं ते वहीत लिही आणि पुढच्या वेळी त्याच दिवसाचं खा. पेरू टणक घे, मधला बियांचा गर चमच्याने काढून टाक, कडेच्या फोडी मीठ-तिखट लावून. बिया काढल्या म्हणजे लपवलं असं नाही, पेरू दिसतोय ना? चिकूचा रवाळपणा तुला सोसणार नाही, चिकू राहू दे.

किती वेळा? लहान मुलांवरच्या अभ्यासांत असं दिसलंय की नवी चव ८ ते १५ वेळा तोंडात यावी लागते, तेव्हा कुठे ती परकी वाटेनाशी होते. तू २५ वर्षांची आहेस, तुझा नकारही २५ वर्षांचा आहे, तुला जास्त लागतील. आणि तू काय करतेस? एकदा खातेस, तोंड वाकडं करतेस आणि मला लिहितेस की 'नाही जमलं.' एकदा! चकल्या पहिल्या घाण्याला जमतात का? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली सांगितलंय तसं दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळं हवीत. तो आकडा आत्ता बघू नकोस. आत्ता एक काप. नको वाटला तर रुमालात काढून टाक. पानात टाकू नये हे मी आयुष्यभर मुलांना बजावलं, तुला मी ते माफ केलंय. गिळलाच पाहिजे अशी सक्ती केलीस की घसा आवळतो, आणि मग पुढचे पंधरा दिवस ती भाजी नुसती दिसली तरी पोटात ढवळतं.

मात्र वजन उतरत असेल, चक्कर येत असेल, गिळायचीच भीती बसली असेल, तर वही बाजूला ठेव आणि डॉक्टरांकडे जा. या त्रासाला वैद्यकात नाव आहे, २०१३ पासून मानसोपचाराच्या अमेरिकन यादीत त्याची स्वतंत्र नोंद आहे, त्यावर काम करणारी माणसं आहेत. रक्त तर या आठवड्यातच तपासून घे, बी-१२ सुद्धा.

आता तुझ्या सासरचं. तू ॲसिडिटी सांगितलीस. अगं, हे किसलेल्या दुधीहून वेगळं काय आहे? आज ॲसिडिटी, उद्या उपास, परवा पोट बिघडलंय. वर्षभरात तुझ्या सासूबाई तुझ्या प्रत्येक शब्दाचा पदर उजेडाकडे धरून बघायला लागतील. माझ्या घरात हे झालंय, मला ते तुझ्या घरात नकोय. लग्नाआधी जा, त्यांच्या स्वयंपाकघरात जा, दिवाणखान्यात नको. म्हण, 'आई, मला लहानपणापासून भाज्या जात नाहीत. मी शिकतेय. सध्या कच्च्या केळ्याच्या काचऱ्यांवर आले आहे. मला आग्रह करू नका, पण ताटात एक फोड वाढा, मी बघेन.' त्यांना वाईट वाटेल का? वाटू दे. आत्येसासूबाईंचं फदफदं तू बेसिनमध्ये टाकलंस हे दुसऱ्या कुणाकडून कळलं, तर त्याहून जास्त वाटेल. अन्न टाकल्याचं तुला किती लागलंय ते मला कळतं, तूही तशाच घरात वाढलीस जशा घरात मी वाढले. म्हणूनच सांगते, सांगून टाक.

आणि होणाऱ्या नवऱ्याला आजच सांग. त्याने 'त्यात काय एवढं' म्हटलं तर बरंच. हसला तर मला कळव.

अडीच महिन्यांत तुझ्या यादीत चाराच्या सहा गोष्टी झाल्या तरी मी पेढे वाटीन. अळू त्या सहांत नसेल. अळू मला स्वतःला चाळिशीनंतर आवडला, घशाला खाजतो म्हणून मी आईशी भांडायचे. चिंच कमी पडली की खाजतोच, तिला ते पटायचं नाही.

रविवारी मंडईत जा. दोन कच्ची केळी, पाव किलो तोंडली, कोवळी बघून घे, पिकून आत लाल झालेली नको. सोमवारी केळं कर, गुरुवारी तोंडली. फोडणीत हिंग विसरू नकोस. रात्री मला फोन कर आणि 'जमलं' किंवा 'नाही जमलं' सांगू नकोस, काप तोंडात कसा लागला ते सांग. मी जागी असेन.

तुझी,
खाणावळीतली काकू