ठरावाचा मसुदा मेलवर फिरवू नका

आपण कॅलिफोर्नियातल्या एका लहान शहराच्या कौन्सिलवर निवडून आला आहात, काही रहिवासी गाझातील शस्त्रसंधीचा ठराव आणा म्हणून मागे लागले आहेत आणि बाकीचे ‘तुम्हाला खड्डे बुजवायला निवडून दिले आहे, परराष्ट्र धोरण ठरवायला नाही’ असे सुनावत आहेत, हे वाचले आणि २०२४ च्या सुरुवातीचे माझे दिवस आठवले.

भूमिका घ्यावी, असे माझे मत आहे. पण शहराचा पैसा किंवा शहरातली माणसे त्या युद्धाशी कुठे जोडलेली आहेत, हे दाखवता येत असेल तरच. बर्कलीच्या मतदारांनी १९७९ साली वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेशी संबंधित गुंतवणुकीतून शहराचा पैसा काढून घ्यायला कौल दिला, तेव्हा ‘तुमचा काय संबंध’ या प्रश्नाला निदान एक उत्तर होते. गाझाच्या वेळी सॅन फ्रान्सिस्कोत ठराव ८ विरुद्ध ३ मतांनी झाला, तर शिकागोत २३-२३ अशी बरोबरी झाल्यावर महापौर ब्रँडन जॉन्सन यांना आपले मत टाकावे लागले. आपल्या सभागृहातही एकमत होईल अशी आशा धरू नका.

मला नडली ती मात्र भूमिका नव्हे, एक मेल. आमचे कौन्सिल पाच जणांचे. एका रविवारी रात्री मी मसुदा उरलेल्या चौघांनाही पाठवला आणि खाली लिहिले, ‘बदल हवे असतील तर कळवा.’ दोघांनी सर्वांना जाईल असे उत्तर दिले. एकाला ओलिसांचा उल्लेख पहिल्या परिच्छेदात हवा होता. कौन्सिलच्या बहुसंख्य सदस्यांनी शहराच्या कामावरची चर्चा जनतेसमोर, खुल्या बैठकीतच करावी असे सांगणारा कॅलिफोर्नियाचा ब्राउन कायदा आहे; त्याच्या दृष्टीने ही जनतेच्या पाठीमागे भरलेली बहुमताची बैठकच होती. त्याआधी मी आमच्या कायदेविषयक कार्यालयाला दोनदा विचारले होते आणि दोन्ही वेळा ‘पाहून सांगतो’ यापलीकडे काही हाती लागले नाही. सोमवारी सकाळी मात्र त्याच कार्यालयाचे दोन पानी खरमरीत पत्र हजर झाले. इतकी तत्परता आधी दाखवली असती तर!

पुढे कोणीतरी माहिती मागवली आणि माझी ती मेल एका वृद्ध गृहस्थांनी सभागृहात शब्दन्‌शब्द वाचून दाखवली. महिन्याभराने दुसऱ्या सदस्याने ठराव रीतसर मांडला, तेव्हा आमच्या बाजूच्या एकाने केवळ या प्रकारामुळे विरोधात मत दिले आणि तो ३ विरुद्ध २ ने पडला.

मी वकील नाही आणि इतर राज्यांतले नियम वेगळे असतील, तेव्हा लेखी सल्ला मिळेपर्यंत थांबा. तोवर व्यक्ती म्हणून स्वतःच्या नावाने जरूर बोला, शहराच्या लेटरहेडवर नको. आणखी एक, विषयपत्रिकेत हा ठराव परवान्यांच्या विषयांनंतर ठेवायला सांगा. आमच्याकडे नागरिकांची भाषणे रात्री एकपर्यंत चालली आणि एका छोट्या बेकरीचा मालक, आपला नंबर न लागताच, अकराला उठून गेला.