‘दोष आढळला नाही’ असं लिहून दिलं, पण स्क्रीन अजून लुकलुकतेच

प्रश्न : मी घरून भाषांतराची कामं घेते. पाच महिन्यांपूर्वी नवा लॅपटॉप ऑनलाइन, हप्त्यांवर घेतला. तिसऱ्या आठवड्यापासून स्क्रीन लुकलुकते, मध्येच काळी पडते. झाकण जरा मागे कललं की जास्त. चार वेळा सर्व्हिस सेंटरला दिला. दोनदा विंडोज नव्याने टाकलं, एकदा स्क्रीन बदलली, चौथ्यांदा ‘दोष आढळला नाही’ लिहून परत दिला. दुसऱ्याच दिवशी पुन्हा तेच. विक्रेता म्हणतो कंपनीशी बोला. कंपनी म्हणते, दुरुस्त करू, पण बदलून मिळणार नाही. शिवाय तुम्ही तो व्यवसायासाठी वापरता, त्यामुळे ग्राहक मंचात जाता येणार नाही. नव्या लॅपटॉपमध्ये असं होतं का, की माझंच काही चुकतंय? हप्ते थांबवू का?

उत्तर : तुमचं काही चुकलेलं नाही, हे आधी सांगतो. चार फेऱ्या मारून रिकाम्या हाताने परत आलं की माणूस स्वतःवरच शंका घ्यायला लागतो. नव्या वस्तूत दोष निघतात. यंत्रं बिघडण्याचा आलेख बाथटबच्या आकाराचा असतो, असं अभियंते सांगतात : सुरुवातीला बिघाड जास्त, मग बराच काळ कमी, शेवटी झिजेमुळे पुन्हा जास्त. सोल्डरचा कच्चा जोड किंवा नीट न बसलेला कनेक्टर कारखान्यातल्या तपासणीत निभावून जातो आणि रोजच्या तापण्या-निवण्याने काही आठवड्यांत उघडा पडतो.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य झाकणाबद्दलचं आहे. मदरबोर्डपासून स्क्रीनकडे जाणारी केबल बिजागरीतून जाते. झाकणाचा कोन बदलल्यावर लुकलुकणं बदलत असेल, तर संशय त्या केबलवर किंवा तिच्या कनेक्टरवर जातो; विंडोज कितीदाही टाकलं तरी ती केबल सुधारणार नाही. म्हणून घरी दोन गोष्टी करून पाहा. लॅपटॉप बायोसच्या पानावर (विंडोज सुरू होण्याआधीचं सेटिंगचं पान) सुरू करून झाकण हळूहळू मागे-पुढे करा. तिथेही लुकलुकलं, तर विंडोज अजून सुरूच झालेलं नाही, त्याचा दोष म्हणता येणार नाही. मग बाहेरचा मॉनिटर जोडा. त्यावर चित्र स्थिर आणि लॅपटॉपच्या स्क्रीनवर लुकलुक, असं असेल तर बिघाड स्क्रीन किंवा केबलकडेच असण्याची शक्यता मोठी.

हे सगळं न तोडता एकाच व्हिडिओत घ्या. आधी तळाचं सीरियल नंबरचं लेबल दाखवा, मग स्क्रीन. मूळ फाइल त्याच फोनमध्ये राहू द्या.

आता जॉबशीट, म्हणजे सेंटरने दर फेरीला दिलेला दुरुस्तीच्या नोंदीचा कागद, काढून बघा. तक्रारीच्या रकान्यात बहुधा ‘डिस्प्ले इश्यू’ एवढे दोनच शब्द असतील. अधूनमधून येणाऱ्या दोषाचं प्रकरण इथेच कमकुवत होतं. सेंटरमध्ये टेबलावर लॅपटॉप नव्वद अंशात उघडून दहा मिनिटं चालवला, तर काही दिसणार नाही, आणि ‘दोष आढळला नाही’ हा शेरा त्यांच्या दृष्टीने खराच ठरेल. पुढच्या वेळी तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या : झाकण मागे कलल्यावर स्क्रीन लुकलुकते, बायोसमध्येही लुकलुकते, व्हिडिओ दाखवला. परत घेताना तिथेच झाकण कलवून बघा. दोष दिसला तर सहीच्या वर ‘दोष कायम आहे’ असं लिहा. लिहू देत नसतील तर तिथूनच, त्याच वेळी, कंपनीला ईमेल करा. आणि लॅपटॉप देण्याआधी बॅकअप घ्या, बिटलॉकरची (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) रिकव्हरी की, म्हणजे ते कुलूप उघडणारा आकडा, टिपून ठेवा; मदरबोर्ड बदलला तर ती विचारली जाते.

व्यवसायाचा मुद्दा तुम्हाला घाबरवतोय, पण तो कच्चा आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(७) मध्ये व्यापारी हेतूने घेतलेली वस्तू वगळली आहे हे खरं. त्याच कलमाचं स्पष्टीकरण मात्र सांगतं की केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी घेऊन स्वतः वापरलेली वस्तू व्यापारी हेतूची मानायची नाही. तुम्ही एकटीने भाषांतरं करता, ती याच चौकटीत बसतात. ग्राहक आयोगाकडे (तुम्ही ज्याला मंच म्हणता, तोच) द्यायच्या तक्रारीत हे वाक्य स्पष्ट लिहा, गृहीत धरू नका.

विक्रेत्यालाही हात झटकता येत नाहीत. ऑनलाइन बाजारपेठेवरच्या विक्रेत्याने सदोष माल परत घ्यायला किंवा पैसे परत द्यायला नकार देऊ नये, असं २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत आहे. तक्रारीत विक्रेता आणि उत्पादक दोघांनाही विरुद्ध पक्ष करा.

बदलून मिळेल का, याचं उत्तर मी गोड करून सांगणार नाही. वॉरंटीत दुरुस्तीचं किंवा सुटा भाग बदलण्याचंच आश्वासन असेल, तर अख्खी वस्तू बदलून मागता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये एका मोटारीच्या प्रकरणात म्हटलं आहे. कंपनीचे वकील तोच निकाल पुढे करतील. तुमची बाजू अशी की त्यांना चार संधी मिळाल्या आणि दोष गेला नाही. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३९ खाली आयोग दोष दूर करायला, वस्तू बदलून द्यायला, व्याजासह किंमत परत करायला आणि भरपाई द्यायला सांगू शकतो. मागणी क्रमाने लिहा : नवा लॅपटॉप किंवा किंमत परत, ते न झाल्यास केबल, बिजागरी आणि लागतील ते भाग बदलून संपूर्ण दुरुस्ती, शिवाय बुडालेल्या कामाची भरपाई, पण त्या कामांचे ईमेल जोडता येत असतील तरच.

हप्ते थांबवू नका. कर्जाचा करार वेगळ्या संस्थेशी आहे, लॅपटॉप सदोष निघाला म्हणून तो आपोआप थांबत नाही. थकबाकी लागली तर दंड भराल आणि क्रेडिट स्कोअरही घसरेल. भरलेलं व्याज नुकसानभरपाईत मागा.

आता कंपनी आणि विक्रेता दोघांना स्पीड पोस्टाने आणि ईमेलने पंधरा दिवसांची नोटीस द्या. तीत चारही जॉबशीटच्या तारखा आणि व्हिडिओचा उल्लेख हवा. मधल्या काळात १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. कधी कधी तेवढ्याने कंपनी हलते, पण हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही. नाहीच झालं तर ई-जागृती पोर्टलवरून जिल्हा आयोगात तक्रार दाखल करा. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दाखल करता येते, वकील लागतोच असं नाही, आणि वस्तूसाठी मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मुदत दोन वर्षांची. फेऱ्या आणि ईमेल चालू आहेत म्हणून ती थांबते असं धरून चालू नका.

एक काळजी मात्र आजपासूनच घ्या. तपासणीशिवाय दोष ठरत नसेल, तर आयोग कलम ३८ खाली वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो आणि तुम्ही तशी मागणी करावी. म्हणून कितीही ओळखीचा मेकॅनिक असला तरी त्याला लॅपटॉप उघडू देऊ नका. एकदा बाहेर स्क्रू निघाले की कंपनी म्हणेल, केबल त्यानेच हलवली, आणि त्यावर तुमच्याकडे उत्तर नसेल.