अमेरिकन यादवीतल्या 'न्यू ऑर्लिन्स' या तरंगत्या तोफखान्याला स्वतःचं इंजिन होतं का?

नाही. मुळात ती जहाजदुरुस्तीची तरंगती गोदी. दक्षिणेकडच्या फौजेने तिच्यावर तोफा चढवल्या आणि ओढत नेऊन मिसिसिपीत 'आयलंड नंबर १०' पाशी बांधली. पाणी आत घेऊन ती खाली बसवता येई, म्हणजे शत्रूला नेम धरायला कमी भाग दिसे. डोकं चांगलंच चालवलं होतं! पण सगळी मदार दोरखंडांवर. एप्रिल १८६२ च्या सुरुवातीला उत्तरेच्या माऱ्यात ते तुटले आणि ती प्रवाहाबरोबर खाली वाहत गेली. ४ एप्रिलच्या रात्री, ऐन वादळात, 'कॅरोन्डेलेट' ही उत्तरेची चिलखती गनबोट बेटासमोरून सहीसलामत निसटली. मात्र 'कॅरोन्डेलेट'ला तरंगता तोफखाना समजू नका. ती वाफेवर चालायची.