हागार, वधस्तंभ आणि डेलोरेस विल्यम्स : वाचकांचे प्रश्न

डेलोरेस विल्यम्स यांच्याबद्दल येणाऱ्या पत्रांत गोंधळ बहुधा तोच असतो, म्हणून उत्तरं एकत्र देते. न्यूयॉर्कच्या युनियन थिऑलॉजिकल सेमिनरीत, म्हणजे ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या संस्थेत, शिकवणाऱ्या या कृष्णवर्णीय अमेरिकन ईश्वरविज्ञानी २०२२ साली वारल्या. बायबलमधल्या हागार या दासीच्या गोष्टीवर उभं असलेलं ‘सिस्टर्स इन द विल्डरनेस’ हे त्यांचं पुस्तक १९९३चं. कृष्णवर्णीय स्त्रीच्या अनुभवातून धर्माकडे पाहणाऱ्या त्यांच्या विचाराला ‘वुमनिस्ट’ म्हणतात.

*‘वुमनिस्ट’ हा शब्द त्यांनीच काढला ना?*

नाही. तो कृष्णवर्णीय अमेरिकन लेखिका ॲलिस वॉकर यांचा. १९७९च्या एका कथेत तो आला आणि १९८३ साली त्यांनी त्याची व्याख्या दिली.

*मग सरळ ‘स्त्रीवादी’ का म्हणू नये?*

कारण त्यात नेमकी ती बाई निसटते. वयाच्या मानाने धीट, फार प्रश्न विचारणाऱ्या मुलीला कृष्णवर्णीय आया ‘मोठ्या बायकांसारखी करतेस’ (इंग्रजीत ‘वुमनिश’) म्हणून दटावत. शब्द त्या दटावणीतून आला आहे. गोऱ्या स्त्रीवादी ‘स्त्री’ म्हणत तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे गोरी स्त्री असे. कृष्णवर्णीय अमेरिकन ईश्वरविज्ञानी जेम्स कोन यांनी १९६९पासून मांडलेल्या कृष्णवर्णीय ईश्वरविज्ञानात ‘कृष्णवर्णीय’ म्हणजे बहुधा पुरुषच. दुसऱ्याच्या घरी मुलं सांभाळणारी, कपडे धुणारी कृष्णवर्णीय बाई दोघांच्याही हिशेबात नव्हती. शब्द ‘वुमनिस्ट’ असाच ठेवा.

*केटी कॅनन आणि विल्यम्स एकच का?*

नाही. कॅनन याही वुमनिस्ट ईश्वरविज्ञानी, पण वेगळ्या. त्यांना १९७४ साली अमेरिकेच्या युनायटेड प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये पाळकपदाची दीक्षा मिळाली. ती मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री.

*अब्राहाम, मोशे सोडून हागारच का?*

बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकातले १६ आणि २१ हे अध्याय एका बैठकीत वाचा. हागार मिसरी दासी. मूल होत नाही म्हणून तिची धनीण साराय तिला आपल्या नवऱ्याच्या, अब्रामाच्या (हाच पुढे अब्राहाम), हवाली करते. हागारला कोणी विचारत नाही. ती रानात पळून जाते, तर देवदूत सांगतो, धनिणीकडे परत जा. पुढे मुलासकट तिला घराबाहेर काढतात, जवळ भाकरी आणि पाण्याची मसक. विल्यम्स इथे काही झाकत नाहीत. या गोष्टीत देव दासीला मुक्त करत नाही, हे त्या स्पष्ट लिहितात. तो तिला विहीर दाखवतो, म्हणजे जगण्याची वाट देतो. आणि ही दासी देवाला स्वतः नाव देते, ‘पाहणारा देव’. कृष्णवर्णीय समाजाने हागारला शंभराहून अधिक वर्षं आपली मानलं आहे. शिल्पकार एडमोनिया लुईस यांनी १८७५ साली तिची संगमरवरी मूर्ती घडवली. मालकाची मुलं पाजणाऱ्या, मालकाची मुलं पोटात वाढवणाऱ्या बायकांना ही गोष्ट समजावून सांगावी लागली नाही.

*नवरा मारतो. ख्रिस्ती मंडळीतले (चर्चमधले) वडीलधारे म्हणतात, ‘ख्रिस्तानेही सोसलं, आपला वधस्तंभ उचल.’ विल्यम्स वधस्तंभ मानत नव्हत्या असं ऐकलं. खरं काय?*

ताई, आधी तुमच्याबद्दल. मार खाणं हा तुमचा वधस्तंभ नाही. १८१ या महिला हेल्पलाइनला आजच फोन करा. जिल्ह्यात २००५च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली संरक्षण अधिकारी असतात, त्यांना भेटा. जिवाला धोका वाटला तर ११२. ‘सण होऊन जाऊ दे’, ‘मुलीची परीक्षा होऊ दे’ असं करत थांबू नका. पाळकांशी बोलायचं तर तुमची सुरक्षितता आधी पाहणाऱ्या पाळकांशीच बोला.

आता विल्यम्स. ऐकीव गोष्टींमुळे त्यांच्याइतका अन्याय क्वचित कोणावर झाला असेल. १९९३च्या मिनीॲपोलिस येथील परिषदेत त्या प्रायश्चित्ताच्या सिद्धान्ताविरुद्ध, म्हणजे येशू माणसांच्या पापांसाठी त्यांच्या जागी मेला या शिकवणीविरुद्ध, बोलल्या आणि वादळ उठलं. पुस्तक न उघडलेले लोक आजही तेवढंच फिरवतात. त्यांचा मुद्दा असा : गुलामीत कृष्णवर्णीय बाईला दुसऱ्याच्या जागी राबवलं, शेतात पुरुषाच्या जागी, मालकाच्या बिछान्यात त्याच्या बायकोच्या जागी. गुलामी संपल्यावर पोटासाठी ती तशीच राबत राहिली. अशा बाईला ‘येशूही तुझ्यासारखाच दुसऱ्यांच्या जागी मेला, म्हणून ते पवित्र’ असं सांगितलं, तर तिची पिळवणूकच पवित्र ठरते. विल्यम्स म्हणतात, तारण येशूच्या जगण्यात आहे, त्याच्या बरं करण्यात, भाकर वाटण्यात. वधस्तंभ माणसाचं पाप दाखवतो. तो विसरायचा नाही, पण त्याचा गौरवही करायचा नाही.

हा निष्कर्ष तुम्हाला पटलाच पाहिजे असं नाही. मंडळीची शिकवण वेगळी आहे, आणि त्यावर जाणत्या शिक्षकाशी बसून बोला. पण व्यासपीठावरून बाईला ‘सोस’ म्हणणाऱ्याने, ती रात्री कोणत्या घरात परत जाते, हे आधी विचारावं. ते न विचारता दिलेलं प्रवचन मी ख्रिस्ताचं मानत नाही.

*सहा आठवड्यांत ‘वुमनिस्ट थिऑलॉजी डिप्लोमा’ देणारी जाहिरात पाहिली. पैसे भरू का?*

मुळीच नाही. अभ्यासक्रमाला मान्यता कोणाची, शिकवणार कोण, हे लेखी मागा आणि जवळच्या सेमिनरीत चौकशी करा. फोटोवर छापलेली, पान क्रमांक नसलेली विल्यम्स यांची ‘वचनं’ही पुढे पाठवू नका.

*इंग्रजी जेमतेम येतं. सुरुवात कुठून करू?*

मराठी पवित्र शास्त्रातले तेच दोन अध्याय. शक्य असेल तर दुसऱ्याच्या घरी काम करणाऱ्या एखाद्या बाईबरोबर बसून वाचा, आणि हागारबद्दल तिला काय वाटतं ते आधी ऐकून घ्या. मग सेमिनरीच्या ग्रंथपालांकडे विल्यम्स यांचं पुस्तक मागा आणि हागारवरचा भाग कोणा शिक्षकाकडून समजून घ्या.