वाचकांचे प्रश्न : संशोधनाच्या अर्जात स्वतःविषयी काय लिहावे?

प्रश्न : मी पेडणे तालुक्यातील असून बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षात सूक्ष्मजीवशास्त्र हा मुख्य विषय घेऊन शिकत आहे. माझ्या पाच सत्रांची सरासरी ७१ टक्के आहे. दुसऱ्या सत्रात रसायनशास्त्रात एटीकेटी लागली होती, तो पेपर पुढे सुटला. प्रकल्पासाठी आम्ही आगरवाड्याच्या मिठागरातील पाणी व चिखल आणून त्यातील जीवाणू वेगळे केले आणि मिठाचे प्रमाण वाढवत नेल्यास ते वाढतात का, स्टार्च पचवतात का, हे पाहिले. २५ टक्के मीठ असलेल्या माध्यमाच्या (जीवाणू ज्यावर वाढवतात त्या खाद्याच्या) प्लेटांवर दोन दिवसांत काहीच उगवले नाही, म्हणून तो भाग अहवालातून वगळला. आता एका संशोधन संस्थेच्या उन्हाळी प्रशिक्षणासाठी शैक्षणिक पार्श्वभूमी, संशोधनाचा अनुभव आणि पुढील उद्दिष्टे यांवर एक पान लिहून मागितले आहे. माझ्या मसुद्याची सुरुवात ‘लहानपणापासून मला विज्ञानाची आवड आहे’ अशी आणि शेवट ‘शास्त्रज्ञ होऊन देशाची सेवा करायची आहे’ असा आहे, पण तो मलाच पटत नाही. घरच्यांचे म्हणणे आहे की बी.एड. करून शाळेत लागावे. चौथे वर्ष करावे की एम.एस्सी., हेही कळत नाही. कृपया मार्गदर्शन करावे.
— एक विद्यार्थिनी, पेडणे

उत्तर : मसुद्यातली पहिली आणि शेवटची दोन्ही वाक्ये काढून टाका. ती खोटी आहेत असे नव्हे, पण अर्ज करणारा कोणताही विद्यार्थी ती जशीच्या तशी लिहू शकतो आणि बहुतेक जण लिहितातच. निवड करणाऱ्याला या तीन शीर्षकांखाली तीन सुटे परिच्छेद नको असतात. या मुलीला कोणता प्रश्न पडला, तिने तो कसा हाताळला आणि तो पुढे कुठवर नेण्याची तिची तयारी आहे, हे त्याला पाहायचे असते. तुमच्याकडे असा प्रश्न आहे, आणि तो नेमका तुम्ही अहवालातून वगळलेल्या भागात आहे.

समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, आणि मिठागरात मीठ धरू लागते तेव्हा तेच पाणी सुमारे दहापट आटलेले असते. अशा पाण्यातही जीवसृष्टी असते. एप्रिल-मेमध्ये दाट झालेल्या खाऱ्या पाण्यावर कधी कधी जी गुलाबी-तांबूस झाक दिसते, ती बऱ्याच अंशी हॅलोआर्किया या अतिक्षारप्रिय सूक्ष्मजीवांची आणि ड्युनालिएला या शैवालाची असते. यांतील हॅलोआर्किया अत्यंत सावकाश वाढतात. नेहमीचे जीवाणू एक-दोन दिवसांत वसाहती (डोळ्यांना दिसणारे ठिपके) दाखवतात, तर यांच्या वसाहती दिसायला आठवडा, कधी त्याहूनही अधिक काळ लागतो. त्यामुळे ४८ तासांनंतरच्या कोऱ्या प्लेटेवरून ‘२५ टक्के मिठात काही वाढत नाही’ असा निष्कर्ष निघत नाही. ‘४८ तासांत काही दिसले नाही’ एवढाच निघतो.

निवेदनात हे असेच लिहावे. कोणत्या महिन्यात किती नमुने घेतले, मिठाचे कोणते टप्पे ठेवले, किती शुद्ध संवर्ध (एकाच प्रकारच्या जीवाणूंची वेगळी केलेली वाढ) मिळाले, आयोडीन ओतल्यावर किती वसाहतींभोवती स्वच्छ वलय दिसले, म्हणजे स्टार्च पचलेला दिसला, हे आकड्यांत सांगा. त्यानंतर २५ टक्क्यांच्या प्लेटांचा उल्लेख करून, हे जीव हळू वाढतात हे लक्षात आल्याने त्याच नमुन्यांचे संवर्धन काही आठवडे चालू ठेवून पाहण्याचा विचार आहे, असे एक वाक्य जोडा. माझ्या मते संपूर्ण पानावर त्याहून मोलाचे वाक्य दुसरे नसेल. शिवाय महाविद्यालयाने परवानगी दिली, तर मिठाचा हंगाम संपण्यापूर्वी तो प्रयोग करूनही टाका. प्लेटा इतके दिवस ठेवल्या की माध्यम सुकते आणि पृष्ठभागावर मिठाचे स्फटिक जमतात, आणि घाईत पाहणाऱ्याला त्याच वसाहती वाटू शकतात. म्हणून प्लेटा प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून ठेवा आणि नमुना न लावलेली एक प्लेट तुलनेसाठी सोबत असू द्या.

उद्दिष्टांचा परिच्छेदही इथूनच निघतो. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, आणि मिठागरातील पाण्याचा खारटपणा पार उतरतो. हॅलोआर्कियापैकी अनेकांच्या पेशी गोड्या पाण्यात फुटून जातात, आणि मिठाच्या स्फटिकात अडकलेल्या पाण्याच्या सूक्ष्म थेंबांत मात्र यांतले काही जीव दीर्घकाळ तग धरतात, हे ज्ञात आहे. मग आगरवाड्याच्या मिठागरातले हे जीव पावसाळा कुठे आणि कसे काढतात? ‘मला याचा अभ्यास करायचा आहे’ असे म्हणणारी विद्यार्थिनी देशसेवेचा शब्दही न काढता आपले उद्दिष्ट सांगून जाते. मात्र या विषयावर आधी झालेले काम वाचल्याशिवाय हे वाक्य लिहू नका. १९६६ मध्ये स्थापन झालेली, आता दोनापावला येथे असलेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि ताळगाव पठारावरील गोवा विद्यापीठ या दोन्ही ठिकाणी गोव्यातील मिठागरांच्या सूक्ष्मजीवांवर संशोधन झालेले आहे. त्यातले दोन-तीन निबंध तरी नीट वाचा.

पार्श्वभूमी थोडक्यात आटपा. एटीकेटी गुणपत्रिकेत दिसणारच आहे, तिच्यासाठी फार तर अर्धे वाक्य खर्च करा. घरची परिस्थिती, आजारपण वगैरे कारणे देत बसू नका. ७१ टक्क्यांबद्दल तर काहीच बोलण्याची गरज नाही.

चौथ्या वर्षाबाबत आधी साधे गणित करा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्यानुसार चौथ्या वर्षाच्या ‘संशोधनासह ऑनर्स’ पदवीसाठी पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात. पाच सत्रांची सरासरी ७१ असेल, तर सरळ सरासरीने सहाव्या सत्रात ९५ टक्के मिळवावे लागतील. त्या आशेवर योजना आखू नये. प्रबंधिकेची (छोट्या संशोधन-प्रबंधाची) सोय असलेली दोन वर्षांची एम.एस्सी. तुम्हाला अधिक सोयीची आहे. गोवा विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेबरोबर एम.एस्सी. प्रवेशासाठीच्या आयआयटीच्या ‘जॅम’ परीक्षेतील जैवतंत्रज्ञानाचा पेपरही नजरेसमोर ठेवा.

घरच्यांची काळजी अवाजवी नाही, आणि तिला आवडीनिवडीच्या भाषेत उत्तर देऊन भागत नाही. त्यांना सांगा की सीएसआयआर-यूजीसी नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून पीएच.डी.साठीची कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाल्यास पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० रुपये मिळतात. मात्र ती थोड्यांनाच मिळते, हेही लपवू नका. नेटमधूनच महाविद्यालयात सहायक प्राध्यापक होण्याची पात्रता मिळते, वेर्णा-कुंडईच्या औषध कारखान्यांत गुणवत्ता तपासणीसाठी सूक्ष्मजीवशास्त्राचे पदवीधर लागतात, आणि बी.एड. एम.एस्सी.नंतरही करता येते. म्हणजे आज एम.एस्सी. निवडल्याने शिक्षकीचा रस्ता बंद होत नाही.

शिफारसपत्र प्राचार्यांकडून घेण्याचा मोह टाळा. ज्यांनी तुमच्या प्लेटा पाहिल्या, त्या प्रकल्प-मार्गदर्शकांकडूनच ते घ्या. मागताना नव्या मसुद्याची प्रत आणि प्रयोगवही त्यांच्या हाती द्या, आणि निदान पंधरा दिवसांची सवड द्या.