आधी कट, मग वजन

प्रश्न : साखरपुड्यासाठी हिऱ्याची अंगठी घ्यायची आहे. दुकानदार म्हणतो, अर्धा कॅरट तरी घ्याच. घ्यावा का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : अठरा वर्षं मी मुंबईत ऑपेरा हाऊसच्या हिरेबाजारात हिरे निवडत बसले. माझं ऐकाल तर वजनाआधी कट बघा, म्हणजे खड्याला पैलू कसे पाडलेत ते. ५० सेंटला, म्हणजे अर्ध्या कॅरटला, भाव उडी मारतो; ४५ सेंटचा चांगल्या कटचा खडा बोटात तेवढाच चमकतो. फरक ०.०१ ग्रॅमचा!

जीआयए किंवा आयजीआय या हिरे तपासणाऱ्या संस्थांपैकी एकीचं प्रमाणपत्र मागा. नुसता कागद बघून मान डोलावू नका. बहुतेकदा प्रमाणपत्राचाच नंबर खड्याच्या कडेवर लेसरने कोरलेला असतो, तो तिथेच दहापटीच्या भिंगातून वाचा. भाचीच्या अंगठीच्या वेळी शेवटचे दोन आकडे जुळेनात. ‘पाकिटं बदलली असतील हो ताई,’ दुकानदार म्हणे. आलेला चहा तसाच ठेवून उठलो.

खाणीतला की लॅबमधला, हे बिलावर लिहून घ्या. लॅबमधलाही खराच हिरा, पण मोडायला गेलात तर हाती फारसं येत नाही. सोनं १८ कॅरटचं घ्या (सोन्यात कॅरट म्हणजे वजन नव्हे, शुद्धता), आत ७५० चा, म्हणजे ७५ टक्के सोन्याचा, शिक्का बघून. २२ कॅरट मऊ पडतं, खडा सैल होतो.

आणि मुलीच्या बोटाचं माप संध्याकाळी घ्या. सकाळी बोटं बारीक असतात.