वाचकांचे प्रश्न : विमानतळ आणि त्यातले दुकान, गल्ला एकच

प्रश्न : एका युरोपीय विमानतळावर सुरक्षा तपासणी आटोपताच समोर ड्यूटी फ्री दुकान आले. गेटकडे जायला दुसरी वाटच नव्हती, त्यामुळे अत्तरांच्या आणि मद्याच्या मांडण्यांमधून वळसे घेत चालावे लागले. बिल करताना आधी बोर्डिंग पास मागितला गेला आणि मी युरोपीय संघातल्याच दुसऱ्या देशात चाललो आहे हे दिसताच करमुक्त दर मिळणार नाही, असे सांगण्यात आले. पुढे वाचनात आले की आयर्लंडची ‘एर रिआंटा’ ही कंपनी विमानतळही चालवत असे आणि अशी दुकानेही. ही दोन कामे एकाच कंपनीकडे असण्यामागे कोणता हिशेब असतो आणि त्यातून प्रवाशाच्या पदरात काही पडते का?

उत्तर : आधी बोर्डिंग पासचे पाहू, कारण साऱ्या धंद्याची किल्ली त्यातच आहे. माल देशाबाहेर नेला जाणार असेल, तर त्यावर त्या देशाने उपभोगाचा कर का घ्यावा, या एका युक्तिवादावर करमुक्त दुकान उभे असते. प्रवाशाच्या पिशवीतली बाटली ही कायद्याच्या दृष्टीने जवळपास निर्यातच असते. युरोपीय संघाने अंतर्गत सीमा पुसून सामाईक बाजारपेठ केल्यावर सदस्य देशांमधल्या प्रवासाला हा युक्तिवाद लागू राहिला नाही आणि १ जुलै १९९९ पासून अशा प्रवासावरील करमुक्त विक्री बंद झाली. त्यामुळे तिथल्या दुकानांत एकाच बाटलीचे दोन दर असू शकतात, आणि तुम्हाला कोणता लागू होतो हे तुमचे विमान कुठे उतरणार यावर ठरते. उलट, ब्रिटन संघाबाहेर पडल्यावर १ जानेवारी २०२१ पासून डब्लिनहून लंडनला जाणाऱ्याला ही सवलत पुन्हा मिळू लागली.

आता एर रिआंटा. विमानतळावरचे जगातील पहिले करमुक्त दुकान आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील शॅनन येथे १९४७ साली सुरू झाले, असे सर्वत्र मानले जाते. पंख्यांच्या विमानांना अटलांटिक ओलांडण्यापूर्वी किंवा ओलांडल्यावर तिथे इंधन भरण्यासाठी उतरावेच लागे आणि तेवढ्या वेळेपुरते प्रवासी खाली येत. विमानतळावरील खानपानाची व्यवस्था पाहणारे ब्रेंडन ओ’रीगन यांच्या लक्षात आले की हे लोक आयर्लंडच्या जमिनीवर उभे असले तरी सीमाशुल्काच्या उंबरठ्याच्या आत आलेलेच नाहीत. मग त्यांना विकलेल्या मालावर आयरिश कर कशासाठी? त्याच वर्षी आयरिश संसदेने शॅननला सीमाशुल्कमुक्त विमानतळाचा दर्जा देणारा कायदा केला. एर रिआंटा ही सरकारी कंपनी मुळात १९३७ साली एर लिंगस या विमान कंपनीची धारक कंपनी म्हणून स्थापन झालेली होती. पुढे डब्लिन, शॅनन आणि कॉर्क या तिन्ही विमानतळांचा कारभार तिच्याकडे आला आणि शॅननचे दुकानही तिच्याच छत्राखाली गेले.

दुकानदारीचे हे कसब तिने पुढे परदेशांत नेले. दुबई विमानतळाने स्वतःचे करमुक्त दुकान काढायचे ठरवले, तेव्हा उभारणीसाठी एर रिआंटाचे पथक बोलावले गेले आणि २० डिसेंबर १९८३ रोजी दुकान उघडले. त्या पथकातले कोलम मॅकलॉक्लिन तिथेच राहिले आणि त्यांनी ते दुकान चार दशके सांभाळले. सोव्हिएत विमान कंपनी एरोफ्लोतची विमाने शॅननला इंधनासाठी थांबत. परकीय चलनाच्या टंचाईमुळे सोव्हिएतांनी स्वतःचे इंधनच जहाजाने आणून तिथे साठवायला सुरुवात केली आणि विमानतळाच्या शुल्काचा काही भाग इंधनाच्याच रूपात चुकता होऊ लागला. या घरोब्यातूनच १९८८ साली मॉस्कोच्या शेरेमेत्येवो विमानतळावर करमुक्त दुकान उघडले. निव्वळ दुकानदाराला हा सौदा जमला असता असे मला वाटत नाही. धावपट्टी, इंधन आणि दुकान हे एकाच टेबलावर मांडता येणाऱ्याचेच ते काम होते.

तुमच्या मुख्य प्रश्नाचे उत्तर मात्र गल्ल्यात आहे. विमानतळाला उत्पन्न दोन वाटांनी येते : विमान कंपन्यांकडून मिळणारा उतरण्याचा, उभे राहण्याचा आणि प्रवाशांमागचा आकार ही एक, आणि दुकाने, उपाहारगृहे, वाहनतळ ही दुसरी. डब्लिनमध्ये नियामक जेव्हा विमानतळाने घ्यायच्या आकाराची (शुल्काची) कमाल मर्यादा ठरवतो, तेव्हा दुकानांसह दुसऱ्या वाटेचे अपेक्षित उत्पन्न एकूण खर्चातून आधी वजा केले जाते आणि उरलेला बोजा तेवढा विमान कंपन्यांवर पडतो. या पद्धतीला ‘सिंगल टिल’, म्हणजे एकच गल्ला, म्हणतात. दुकानात विकली गेलेली अत्तराची बाटली अशा रीतीने, अगदी थोड्या अंशाने का होईना, तुमच्या तिकिटातला विमानतळ आकार कमी ठेवायला हातभार लावत असते. आणि काहीच न घेणारा प्रवासी घेणाऱ्याच्या जिवावर किंचित स्वस्तात उडतो.

दुकान बाहेरच्या कंपनीला ठेक्याने दिले, तर ती सहसा विक्रीतला ठरावीक हिस्सा आणि वर्षाकाठी किमान हमी रक्कम देते. प्रवासी घटले की हमीवरून तंटे होतात. विमानतळ आणि दुकान एकाच घरचे असले, तर नफाही घरात राहतो आणि २०२० सारख्या वर्षाचा फटकाही घरातच बसतो.

तुमची वाटेबद्दलची तक्रार मला रास्त वाटते. तपासणीनंतरची वाट कुठून जावी, बाकडी किती असावीत, गेटचा क्रमांक फलकावर किती आधी झळकावा, हे सारे विमानतळ ठरवतो. आणि दुकानही त्याचेच असले, तर प्रवाशाला दुकानात रेंगाळायला लावण्याचा मोह स्वाभाविक आहे. अर्थात, दुकान ठेक्याने दिले तरी वाटा त्याला मिळतोच, म्हणून हा मोह मालकी वेगळी केल्याने जात नाही, एवढे मान्य करावे लागेल.

राहिला पदरात काय पडते हा प्रश्न. वाचलेला सगळा कर ग्राहकाकडे जात नाही. त्यातला मोठा भाग दुकानाच्या नफ्यात आणि विमानतळाच्या वाट्यात विरतो. मद्य आणि सिगारेट यांवर मुळात कर भारी असल्याने तिथे फरक जाणवतो; चॉकलेट, चष्मे यांत तो पुष्कळदा नसतोच. तिथली बाटली अनेकदा एक लिटरची असते, तर युरोपातल्या बाजारातली ७०० मिलिलिटरची, त्यामुळे तुलना लिटरमागेच करावी. वाटेत विमान बदलायचे असल्यास लाल किनारीची ती पारदर्शक मोहोरबंद पिशवी अंतिम मुक्काम येईपर्यंत उघडू नये आणि आतली पावती बाहेरून वाचता येईल अशी राहू द्यावी, नाहीतर पुढच्या तपासणीत बाटली तिथेच सोडावी लागेल.

एर रिआंटा हे नाव विमानतळांच्या कारभारातून २००४ साली गेले. कंपनी डब्लिन विमानतळ प्राधिकरण झाली आणि आज तिच्याकडे डब्लिन व कॉर्क आहेत. परदेशांतली दुकाने ‘एर रिआंटा इंटरनॅशनल’ ही तिची उपकंपनी चालवते. ज्या शॅननला हे सारे सुरू झाले, ते विमानतळ मात्र २०१२ अखेर तिच्यापासून वेगळे झाले.